हॅलोला ओ

लाँड्रीच्या मालकीणबाईंनी जन्मात कधी रजा घेतली नव्हती, आणि घेतली ती थेट समुद्रावर. जहाज कसलं, तरंगतं गावच ते. त्यात पोहायचा तलाव, नाटकाचा हॉल, आणि खायच्याप्यायच्या इतक्या जागा की माणसानं आधी भूक कुठे लावायची हेच ठरवत बसावं. मुलानं तिकिटं काढल्याचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "का रे, जमिनीवरची जागा संपली?"

पण आतून गुदगुल्या झाल्या होत्या. कारण जहाजावर जुळी येणार होती. नातू ढब्बू आणि नात टिचकी, दोघं सव्वादोन वर्षांची. मुलगा-सून लांबच्या गावी राहायचे आणि सुनेचं माहेर नेमकं त्यांच्या घरामागे. त्यामुळे विहीणबाईंचा मुक्काम सकाळ-संध्याकाळ तिथेच. मालकीणबाई काही त्या घरी जात नसत. "माझ्या मुलाच्या घरात मला दुसऱ्या बाईनं विचारायचं, चहा घेणार का म्हणून? नको गं बाई. मी आपली माझ्या वाफेत बरी." शेवटी मुलानंच ही युक्ती काढली. जहाज म्हणजे ना हिचं घर, ना तिचं.

तोवर जुळी त्यांना दिसायची ती फोनमध्ये. इकडे धुण्याच्या यंत्रांची घरघर, तिकडे पोरांची किरकिर, आणि त्यात चित्र मधेच थिजायचं. मग मालकीणबाई बेंबीच्या देठापासून ओरडायच्या, "हॅलो! हॅलो! दिसतेय का मी? हॅलो!" दुकानातला इस्त्रीवाला मान खाली घालून म्हणायचा, "मालकीणबाई, फोन राहू द्या. नुसती खिडकी उघडा, पोचेल तिकडे."

त्यांना हवं होतं ते एकच, आणि ते त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. मागायची सवयच नव्हती त्या तोंडाला. दुकानात त्या मालकीणबाई होत्या, मुलाच्या आणि सुनेच्या आई होत्या, गिऱ्हाइकांच्या मावशी होत्या. पाठीमागे लोक आणखी काय काय म्हणत तेही त्यांना ठाऊक होतं. पण आजी मात्र अजून कुणी म्हटलं नव्हतं.

बंदरावर जुळ्यांनी त्यांना लांबूनच ओळखलं. आईचा हात सोडून दोघं बदकांसारखी दुडदुडत आली. "हॅलो! हॅलो! हॅलो!"

"हॅलो, हॅलो, माझ्या सोन्यांनो," म्हणत मालकीणबाई खाली बसल्या, आणि रांगेतल्या अनोळखी माणसांकडे बघून म्हणाल्या, "वळण बघा पोरांना. आल्याआल्या नमस्कार-चमत्कार."

हा तोरा दुपारच्या जेवणापर्यंत टिकला. जेवताना मुलगा सहज म्हणाला, "टिचके, हॅलोला केळं दे बरं."

मालकीणबाईंनी टेबलाभोवती बघितलं. नवीन कुणी येऊन बसलेलं नव्हतं. टिचकीनं अर्धं चघळलेलं केळं त्यांच्यापुढे धरलं.

"हॅलो म्हणजे कोण?"

मुलानं जीभ चावली. "अगं आई, तूच. फोनवर तू सारखी हॅलो हॅलो करतेस ना, त्यांना वाटतं तेच तुझं नाव."

"आणि आजी कोण मग?"

मुलगा मीठ शोधायला लागला. सून टिचकीचं तोंड पुसायला लागली, पण त्या पुसायच्या आतच टिचकी बोलली. "आजी घली."

आजी घरी. म्हणजे ती घरामागची.

"अस्सं," मालकीणबाई म्हणाल्या. "ती आजी. आणि मी टेलिफोन."

"आई, अहो, लहान आहेत," सून म्हणाली. "शिकतील हळूहळू."

"शिकतील कशाला, मीच शिकवते. आणि तोवर सगळ्यांनी कान उघडे ठेवून ऐका. त्या नावाला मी ओ देणार नाही."

शिकवणी लगेच सुरू झाली. मालकीणबाईंनी द्राक्षांची वाटी मांडीवर घेतली आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मी कोण? आजी. म्हण, आजी. मग द्राक्ष."

"द्लाक्ष," ढब्बू म्हणाला.

टिचकी हुशार. तिनं 'आजी' ऐकलं आणि मोठ्या आशेनं वळून दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. ती परत वळली तेव्हा तिचा खालचा ओठ बाहेर आला होता. मालकीणबाईंनी मुकाट्यानं दोघांना द्राक्षं देऊन टाकली. बिया नसलेली होती तरी मधोमध कापून दिली.

बाकी जहाजावर जुळ्यांसाठी नव्हतं ते काय! पण तीन वर्षांखालच्या पोरांना खेळघरात एकटं ठेवून घेत नसत, डायपरवाल्यांना तलावात उतरू देत नसत, आणि जुळ्यांची रुंद बाबागाडी खोलीच्या दारातून आडवी-तिडवी करून, दोन शिव्या घालून, मगच आत यायची. सून दोन दिवसांत निम्मी झाली. मालकीणबाई शेजारच्याच खोलीत होत्या, पण पोरं त्यांच्याकडे खेळायची तेवढी, रडू आलं की आईकडे धाव. "हॅलो, उचल," असं ढब्बू पायाशी येऊन म्हणायचा, तेव्हा त्या खिडकीबाहेरचा समुद्र बघायच्या. तो बोट धरून ओढायला लागला की उचलायच्या. उचलायच्या, पण ओ द्यायच्या नाहीत.

त्यात हत्तीची भानगड झाली. खोली आवरणारा माणूस रोज पलंगावर टॉवेलाचा एकेक प्राणी करून ठेवायचा. त्या दिवशी हत्ती होता, सोंड वर केलेला. जुळी त्याच्याभोवती टाळ्या पिटत नाचली. मालकीणबाईंचा मात्र हात शिवशिवला. जन्म गेला टॉवेलांच्या घड्या घालण्यात, आणि ही सोंड बिनस्टार्चची उभी राहते कशी? त्यांनी एक टोक जरा ओढून बघितलं. हत्तीचे झाले दोन टॉवेल.

"हॅलोनी हत्ती माल्ला!" ढब्बूनं टाहो फोडला.

"मारला नाही रे, उलगडला! थांब, करून देते." त्यांनी गुंडाळला, दुमडला, खोचला. झाली एक उशी. पोरांनी त्या उशीकडे बघून आणखी सूर लावला. दुकानात नाकावर माशी बसू न देणारी बाई एका टॉवेलापुढे हरली, आणि ते त्यांच्या मनाला फार लागलं.

तिसऱ्या दिवशी समुद्रानं जरा कूस बदलली. जहाज डुलायला लागलं आणि मुलगा-सून दोघंही आडवे झाले. मुलाचा चेहरा कच्च्या पपईसारखा दिसत होता. मालकीणबाईंना काही म्हणजे काही झालं नव्हतं. हादरणाऱ्या यंत्रांना टेकून त्यांनी आयुष्यभर जेवणं उरकली होती.

"झोपा दोघं. पोरांना मी नेते वर."

सुनेनं उशीवरून डोकं उचललं. "आई, राहतील का पण तुमच्याकडे? म्हणजे... माझ्याशिवाय आणि आमच्या आईशिवाय ती कुणाकडे..." पुढचं तिनं गिळलं.

"राहतील का म्हणजे? मी काय वाघीण आहे? नीज तू."

बोलून त्या ताठ मानेनं बाहेर पडल्या खऱ्या, पण बाबागाडी ढकलताना सुनेचं ते गिळलेलं वाक्य कानातून जाईना. रडत परत आली पोरं, तर सून काही म्हणणार नाही, आणि ते न म्हणणंच जास्त बोचेल.

पण वर गंमतच होती. तलावाबाहेर, कोपऱ्यात, छोट्यांसाठी पाण्याचे फवारे होते. टिचकी फवाऱ्यावर पाय ठेवून तो बंद करायची आणि दुसरीकडून उडाला की त्याला रागवायची. ढब्बू फवारा गिळायला बघत होता. मालकीणबाईंच्या चपला भिजल्या, चष्मा भिजला, आणि कुणी रडलं नाही. दोघांना पुसून, कपडे बदलून त्यांनी टिचकीला गाडीत पट्टा लावून बसवलं, ढब्बूचा हात धरला आणि तलावाला वळसा घातला.

आणि तिथे बघतात तर काय, त्या सकाळी कामगारांनी सगळ्या आरामखुर्च्यांवर टॉवेलांचे प्राणीच प्राणी मांडून ठेवले होते. माकडं, ससे, कासवं, बगळे. भोवती लोकांची ही गर्दी, गाणी लागलेली, फोटो चाललेले. आणि मालकीणबाईंच्या समोर, हाताच्या अंतरावर, हत्ती. सोंड वर.

त्या नुसत्या वाकल्या. सोंडेच्या मुळाशी बोट घातलं. आत एक पीळ होता, कडेकडून आत घेतलेला. अस्सं होय! तो पीळ नीट बघायला दुसरा हातही लागला. त्यांनी तो लावला.

सरळ झाल्या तेव्हा हातात हत्ती होता आणि ढब्बू नव्हता.

"ढब्बू?"

खुर्चीखाली नाही. सशांच्या मागे नाही. पायाखालची वाळू सरकली म्हणावं तर पायाखाली वाळू कुठली, नुसता समुद्र. कठड्याला उंच जाड काच होती. तिथून मांजरही पलीकडे जायचं नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी काच ठोकून बघितलं होतं. तरी त्यांनी आधी तिकडेच बघितलं.

"ढब्बू! अरे ढब्ब्या!" गाडी ढकलत त्या गर्दीत शिरल्या. पण ढब्बू आपल्या नावाला कधी ओ देत नसे. घराण्याचा गुणच तो. तलावाजवळ टॉवेल देणाऱ्या पोरीला त्यांनी गुडघ्याच्या उंचीवर हात धरून दाखवला. "एवढा आहे! पिवळा सदरा! दिसला का?" तीही शोधायला धावली. गाणी चालूच होती. चारी बाजूंना गुडघेच गुडघे, आणि पिवळं काही नाही.

इतक्यात तलावाच्या पलीकडून कुणीतरी हसत म्हणालं, "हॅलो, हॅलो!" मग दुसरं एक जण, "अले, हॅलो बाळा!" मग एक आजोबा, "हॅलो, हॅलो, शहाणं बाळ." लोक खाली वाकून हात हलवत होते आणि पुढे जात होते. सगळ्यांना कौतुक, केवढा माणसाळलेला पोरगा.

आणि त्या सगळ्या हॅलोंच्या मध्ये एक बारीक, चिरका हॅलो होता. तो नमस्काराचा नव्हता.

"हॅलो! हॅलोऽऽ!"

ती हाक होती. आई गं म्हणून नव्हती, आजी म्हणून नव्हती. त्या एवढ्या मोठ्या जहाजावर एका माणसाला मारलेली हाक होती, आणि ते माणूस कोण हे दोघांनाच ठाऊक होतं.

मालकीणबाईंचा ओ न देण्याचा पण कुठल्या लाटेवर वाहून गेला, त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"ओऽऽऽ! आले रे राजा, आले! ओऽऽ!"

यंत्रांच्या घरघरीवर कमावलेला आवाज तो. गाण्याला चिरत पलीकडे गेला. तलावातली माणसं वळली. आणि त्या गुडघ्यांच्या रानातून पिवळा सदरा बाहेर आला. एका हातात बगळ्याची मान होती, बाकीचा बगळा मागून ओला फरफटत होता. डोळे भरलेले, ओठ लटपटत होता, पण चेहऱ्यावर राग.

"हॅलो, कुते गेली तू?" ढब्बूनं दरडावून विचारलं.

त्यांनी त्याला उचलून असा छातीशी धरला की बगळाही त्यात चेंगरला. "चुकलं रे बाबा," त्या म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकलेलं माणूस अजून भेटलेलं नाही. गाडीतून टिचकीनं हात वर केले. "हॅलो, मला."

"ओ, तुला पण."

दोघांना दोन काखांत घेऊन, गाडी पोटानं ढकलत, त्या खाली आल्या. सून उठून बसली होती. मालकीणबाईंच्या मनात सांगायचं नव्हतं असं नव्हे, पण शब्द जुळवायला वेळच मिळाला नाही. ढब्बूनं दारातूनच बातमी फोडली.

"हॅलो हलवली! मी शापली!"

सुनेला त्याची भाषा येत होती. हॅलो हरवली, मी सापडवली. तिनं सासूकडे बघितलं. ओला टॉवेल बघितला, चुरगळलेला सदरा बघितला, त्या दोन हातांची पकड बघितली जी अजून ढिली होत नव्हती. तिला काय कळायचं ते कळलं.

"आई, तुम्ही हरवलात होय?"

"हो," मालकीणबाई म्हणाल्या. "हत्ती बघत बसले गं. यानं शोधलं मला."

सुनेनं सरकून पलंगावर जागा केली. "सापडलात ना, बास. बसा इथे. आणि ही दोघं राहू देत तुमच्याजवळच. छान राहिलीयत."

जुळी तिथेच, एक एका मांडीवर, झोपून गेली. मालकीणबाईंचे पाय बधिर झाले, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

आता त्या दुकानात परत आल्यात. तोंडाचा पट्टा पहिल्यासारखाच चालू आहे. फरक एवढाच, की दुकानाचा फोन वाजला की त्या "बोला" म्हणतात. इस्त्रीवाल्यानं एकदा विचारलं, "मालकीणबाई, हॅलो म्हणायचं सोडलंत वाटतं?"

"आपलंच नाव आपण घेत बसायचं का? वेडा कुठला."

परवा संध्याकाळी मुलाचा फोन आला. पडद्यावर दोन नाकं चिकटलेली, आणि मागून विहीणबाईंचा गोड आवाज, "अरे, आजी म्हणा रे त्यांना. त्या पण आजीच आहेत ना?"

"राहू द्या हो विहीणबाई," मालकीणबाई म्हणाल्या. "आजी तुम्हीच. उगाच पोरांचा गोंधळ नको. आणि येतेय मी पुढच्या महिन्यात तिकडे. चहा बिनसाखरेचा घेते मी, सांगून ठेवते."

मग चित्र थिजलं. दोन्ही नाकं जागच्या जागी. इस्त्रीवाल्यानं सवयीनं कानांवर हात ठेवले. पण मालकीणबाई ओरडल्या नाहीत. टेबलावरच्या, सोंड जराशी पडलेल्या टॉवेलाच्या हत्तीवर हात ठेवून त्या वाट बघत राहिल्या. चित्र हललं.

"हॅलो!" दोघं एकदम ओरडली.

"ओ!"