दुसऱ्या कागदावरची शिफारस

दिनांक ९ फेब्रुवारी २०२५, रविवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. उमरग्यातल्या एका घराच्या सोप्यात त्या दिवशी माझ्या रोलरवर एकामागून एक दोन कागद चढले. पहिल्यावर एकशे नव्वद शब्द उमटले, दुसऱ्यावर एकशे चौसष्ट. मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी टाइपरायटर आहे. मधले सव्वीस शब्द कुठे गेले आणि त्यापायी कोणाचे काय झाले, हे माझ्याखेरीज कोणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगतो.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यातला. बिडाची चौकट, पोलादी दांडे आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला एक अक्षर. एका वयस्क कामगाराने भिंग लावून माझे एकेक अक्षर ओळीत बसवले होते. १९७९ साली मी उमरग्याजवळच्या एका सूतगिरणीत दाखल झालो. नेमणुका, बढत्या, ताकिदा, माल रवाना झाल्याच्या चिठ्ठ्या, सारे माझ्यातून गेले. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होई, तेव्हा मलाही भस्माचे तीन पट्टे आणि झेंडूचे एक फूल मिळे. मला त्याचा अभिमान होता.

गिरणीचे व्यवस्थापक होते वीरप्पा. घरी कन्नड, पत्रात इंग्रजी आणि रागावताना मराठी, अशी त्यांची वाटणी होती. मी त्यांच्याच खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर असे. २००५ साली कार्यालयात संगणक आलेला होता, पण भारनियमनामुळे दिवसाचे कित्येक तास तो मुका असायचा. अशाच एका दुपारी शिवरंजनी नावाच्या बावीस वर्षांच्या मुलीचे नेमणूकपत्र माझ्यावर टंकले गेले. तिने सोलापुरातून वस्त्रतंत्राची पदविका घेतली होती. काम होते सुताची तपासणी.

तिचे मोठे काम मी २०११ साली पाहिले. इचलकरंजीला जाणारे दोन ट्रक सूत भरून दारात उभे होते. तपासणीच्या दाखल्यावर तिची सही हवी होती. ती म्हणाली, नमुन्यात जाड आणि बारीक सूत मिसळलेले आहे, मी सही करणार नाही. वीरप्पांचा आवाज तेव्हा यंत्रघरापर्यंत गेला. तिने मान खाली घातली, पण सही केली नाही. एकतीस तास ट्रक उभे राहिले. शेवटी पुन्हा तपासणी झाली आणि मालाचा तिसरा हिस्सा खरोखरच चुकीचा निघाला. वीरप्पांनी ट्रक मुकाट्याने रिकामे करवले. त्या दिवसाचा उल्लेख पुढे दोघांनीही कधी केला नाही.

२०१३ साली वीरप्पा निवृत्त झाले आणि मला सोबत घेऊन घरी आले. इथे माझी किंमत उतरली. वीरप्पांच्या पत्नी इरम्मा माझ्यावर फडके टाकून मेथी निवडायची परडी ठेवू लागल्या. बारा वर्षे मी परडी धरून बसलो.

मग गिरणीच्या फाटकावर नोटीस लागली, की ३१ मार्चपासून उत्पादन बंद. शिवरंजनी तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. तिच्या विभागातले बहुतेक जण मिळेल ते काम शोधायला निघाले. तिने मात्र पुण्याच्या एका व्यवस्थापन संस्थेत अर्ज केला. अनुभवी नोकरदारांसाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता. तो पूर्ण झाला तर कारखाना चालवणाऱ्यांच्या खुर्चीत बसता येईल, नाही तर पुन्हा कोणाच्या तरी हाताखाली पहिल्या पायरीपासून, हे तिने वीरप्पांना इथेच, या सोप्यात बसून सांगितले. लेखी परीक्षेत तिला पन्नासपैकी त्रेचाळीस गुण मिळाले होते. आता मुलाखत उरली होती. त्या मुलाखतीलाही पन्नास गुण, आणि त्यांतले वीस मिळाल्याशिवाय प्रवेश नाही. शिवाय काम जवळून पाहिलेल्या वरिष्ठाचे एक पत्र हवे होते.

गिरणीचे नवे व्यवस्थापक आठ महिन्यांपूर्वी आलेले. त्यांना तिचे नावही धड ठाऊक नव्हते. म्हणून ती वीरप्पांकडे आली.

"आता या वयात दप्तर घेऊन जाणार व्हय गं?" इरम्मांनी चहा देता देता विचारले.

"जाणार, अव्वा. डबा तुम्हीच द्या," शिवरंजनी म्हणाली. त्या घरात त्या दिवशी शेवटचे मोकळे हसू झाले, असे मला वाटते.

वीरप्पांनी मला स्वच्छ पुसले, तेल दिले, नवी रिबन मागवली. पत्र हाताने लिहिणे त्यांना हलके वाटे आणि संगणक त्यांना येत नसे. दोन बोटांनी ते टंकू लागले. मधूनच इरम्मा आतून म्हणाल्या, "अहो, पत्र लिहिताय का लाकडं फोडताय? शेजारची म्हातारी विचारून गेली."

पहिल्या कागदावर खाली, शेवटून दुसऱ्या ओळीत, त्या दोन ट्रकांची हकिगत आली. 'अपवाद एकच, माझ्या विरोधाला न जुमानता तिने सही नाकारली,' असे ते वाक्य होते. नेमके सव्वीस शब्द. वीरप्पा थांबले. चष्मा काढून त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली आणि कागद ओढून त्याचे चार तुकडे केले.

"पोरीचं नाव कशाला खराब करायचं," ते स्वतःशीच म्हणाले.

दुसऱ्या कागदावर ती ओळ नव्हती. तिच्या जागी नवे शब्दही आले नाहीत. बाकी सर्व कौतुक होते. आज्ञाधारक आहे, घरच्या मुलीसारखी आहे. माझ्या हाताखालच्या आठ वर्षांत तिने एकदाही नाही म्हटले नाही. मित्रांनो, वीरप्पांच्या पिढीत याहून मोठी स्तुती नव्हती. त्यांनी ती मनापासून लिहिली. माझी अक्षरेही त्या दिवशी काळी कुळकुळीत उमटली.

संध्याकाळी शिवरंजनी पत्र न्यायला आली. लिफाफा उघडाच होता.

"वाचून बघ. काही राहिलं असेल तर सांग," वीरप्पा म्हणाले.

पत्र वाचू नये असा संस्थेचा नियम नव्हता. पण तिने लिफाफा डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "तुम्ही लिहिलंय म्हटल्यावर मी काय वाचायचं, साहेब? ते बरं दिसत न्हाय." तिने तिथेच, त्यांच्यासमोर, डिंक लावून तो बंद केला. दुसऱ्या दिवशी सेवा केंद्रात लिफाफा फोडून पत्राची प्रत वीरप्पांच्या नावाने संगणकावरून संस्थेकडे पाठवली गेली. पत्र प्रत काढायच्या यंत्रावर ठेवतानाही तिने नजर बाजूला केली होती. हे तिने नंतर सोप्यात येऊन स्वतःच मोठ्या अभिमानाने सांगितले.

मुलाखत २ मार्चला, दुपारी बारा वाजता, संगणकावरून होती. तिच्या गावात फोनचे जाळे टिकत नसे, म्हणून ती याच सोप्यात बसली. संगणकाचा डोळा चेहऱ्याच्या उंचीला यावा म्हणून वीरप्पांनी माझ्यावर एक फळी टाकली आणि फळीवर तिने आणलेला संगणक ठेवला. बऱ्याच वर्षांनी माझ्यावर कामाचे ओझे आले होते. इरम्मांनी मिक्सर बंद ठेवला. वीरप्पा इस्त्रीचा सदरा घालून, कपाळी भस्म लावून, दोन हातांवरच्या बाजेवर बसले. पडद्यावर ते दिसत नव्हते, पण त्यांना सगळे ऐकू जात होते.

शिवरंजनीच्या मांडीवर एक कागद होता. आपल्या कामातले मुद्दे तिने त्यावर क्रमाने मांडले होते. पहिला मुद्दा होता: दोन ट्रक, २०११.

इंग्रजी ही माझ्या अक्षरांची भाषा, म्हणून मला बोलणे कळत होते. पडद्यावरच्या तिघांपैकी एका बाईंनी ते पत्र वाचून दाखवले. बाजेवर वीरप्पा प्रत्येक वाक्याला हळूच मान डोलवत होते. शिवरंजनी ते पत्र पहिल्यांदाच ऐकत होती.

"तुमचे वरिष्ठ लिहितात, की तुम्ही कधी नाही म्हटलं नाही," बाई म्हणाल्या. "व्यवस्थापकाला नाही म्हणावंच लागतं. वरिष्ठांना तुम्ही विरोध केला, असा एक प्रसंग सांगा."

तिने मांडीवरच्या कागदाकडे पाहिले, मग बाजेकडे. पहिला मुद्दा सांगितला असता, तर पत्र लिहिणारा माणूस त्याच्याच घरात, त्याच्यासमोर खोटा ठरला असता. तिने कागद पालथा केला.

"तसा प्रसंग आला नाही," ती म्हणाली.

बाईंनी तोच प्रश्न आणखी दोनदा, वेगवेगळ्या शब्दांत विचारला. संकटात तुम्ही स्वतःचा निर्णय केव्हा घेतला? कोणाची चूक केव्हा दाखवली? शिवरंजनीचे उत्तर दर वेळी आखूड होत गेले. तीस मिनिटांची मुलाखत तेराव्या मिनिटाला संपली.

पडदा काळा झाल्यावर वीरप्पा उठून जवळ आले. त्यांचा चेहरा उजळलेला होता.

"ते ट्रकांचं मी मुद्दाम गाळलं बघ," ते हलक्या आवाजात म्हणाले. "पहिल्यांदा लिहिलं होतं. मग म्हटलं, झालं गेलं. तुझ्या नावाला बट्टा नको."

ती बराच वेळ संगणकाची वायर गुंडाळत राहिली.

"बरं केलंत, साहेब," ती म्हणाली. वाकून तिने त्यांच्या पायांना हात लावला, इरम्मांनी पुढे केलेले ताट नको म्हटले आणि बस धरायला निघून गेली. वीरप्पांना आजही काही कळलेले नाही. इरम्मांना थोडे कळले असावे, कारण त्या दिवसापासून माझ्यावर परडी ठेवताना त्या ती आपटतात.

मित्रांनो, मला जपा, तेल द्या, असे मी तुम्हांला म्हणणार नाही. माझे दिवस झाले. मी एवढेच मागतो, की कोणी तुमच्याविषयी काही लिहिले, तर ते वाचायला मागा. त्यात थोरांचा अपमान होत नाही. आणि उद्या तुम्ही थोर व्हाल, कोणाची शिफारस लिहाल, तेव्हा त्या माणसाने तुमचे कुठे ऐकले नाही, तेही लिहा. यंत्र दिलेले अक्षर उमटवते. कोणते अक्षर द्यायचे हे बोटांना ठरवावे लागते.

निकाल १९ मार्चला लागला. शिवरंजनीला मुलाखतीत मिळालेले गुण: पन्नासपैकी अकरा.