मागच्या सीटवरून विचारलेला प्रश्न

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे, आणि नुकतीच विकली जाता जाता वाचले आहे. त्यामुळे आज माझा आवाज जरा चढा लागलाय, तेवढा गोड मानून घ्या. एरवीही मी काही फार मवाळ बोलणारी नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. रांगेच्या एका टोकाला माझा नुसता सांगाडा होता, दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत मी पुरी गाडी झाले. तिथे एका बाईंनी माझ्या टाकीवरून फडकं फिरवलं, मला सुरू करून पाहिलं आणि म्हणाल्या, "छान! पुढची आणा." माझ्या वाट्याला आलेलं पहिलं कौतुक एवढंच. पण त्यावर मी कितीतरी दिवस खूश होते.

मला विकत घेतलं एका पडदे बसवणाऱ्याने. लोकांच्या खिडक्यांची मापं घ्यायची, घरी बायकोने पडदे शिवायचे, मग दोघांनी जाऊन ते बसवून द्यायचे, असा त्यांचा धंदा. तो पुढे, ती मागे, तिच्या मांडीवर पडद्यांचं गाठोडं आणि माझ्या कडेला बांधलेले दांडे. वळताना दांडा कुणाला लागू नये म्हणून ती मागून ओरडायची, "अहो, सायकलवाला! अहो, आजोबा!" आणि तो म्हणायचा, "मला आजोबा म्हणू नकोस." रोजचाच विनोद, पण दोघं रोज हसायची.

घरात त्यांना बोलायला सवडच नसायची. एका खोलीत शिलाई मशीनची खडखड, दुसरीत अभ्यास सोडून भांडणाऱ्या दोन मुली, आणि दाराशी "आमचे पडदे झाले का?" म्हणत उभी असलेली गिऱ्हाइकं. त्यामुळे सगळं बोलणं माझ्या पाठीवर व्हायचं. माझी सीट लांब आणि सपाट, आणि माझं पळणंही बेताचं. तिचं तोंड बरोबर त्याच्या कानापाशी यायचं. थोरलीला चष्मा लागला, धाकटी शाळेत कुणाशी बोलत नाही, सासूबाईंचं काय चुकलं, आपलं काय चुकलं, सगळं मी ऐकलंय. समोरासमोर जे बोलवत नाही, ते पाठीमागून बोलता येतं. त्यांचं एक कडाक्याचं भांडण तर पुलाच्या अलीकडे सुरू झालं आणि पलीकडे मिटलंसुद्धा.

पण कामं वाढली तशी माझी हेळसांड सुरू झाली. पूर्वी रविवारी तो मला पुसायचा, साखळीला तेल द्यायचा. मग रविवारीही पडदेच बसवायला लागला. मी थरथरू लागले. आधी थोडी, मग इतकी, की माझ्या आरशात मागचा एक माणूस दोन दिसायचा. मी कुरकुर करून पाहिली, खडखड करून पाहिली. "म्हातारी झाली," एवढं म्हणून तो पुढचा गिअर टाकायचा. अहो, थरथर हे काय वयाचं लक्षण झालं? पण सांगणार कसं?

आणि एका संध्याकाळी त्याने घरात जाहीर केलं, "नवीन गाडी घेऊ या." माझ्याच नावाचं नवं मॉडेल आलं होतं. बटण दाबलं की सुरू, क्लच लोण्यासारखा मऊ. मुलींनी उड्या मारल्या. बायको म्हणाली, "बघू या." मला मात्र कोडं पडलं. हा माणूस तुटकी चप्पल तीन-तीनदा शिवून घेणारा. याला नव्याचं वेड कुठून लागलं?

दुसऱ्या दिवशी दोघं मला घेऊनच दुकानात गेली. मी काचेबाहेर उभी. आत ती नवी, दिव्यांखाली झळकत होती. खरं सांगते, देखणी होती. विकणारा तरुण बाहेर आला, माझ्या टाकीवर टिचकी मारून म्हणाला, "काका, ही ठेवून तरी काय करणार?" मालक माझ्याकडे न बघताच म्हणाला, "हो ना." ते मला फार लागलं.

मग दोघं नव्या गाडीवरून चक्कर मारून आली. जाताना हसत गेली होती, आली ती गप्प.

"कशी वाटली, काकू?" तरुणाने विचारलं.

"गाडी छान आहे हो. पण मागची सीट केवढी उंच! मी तिकडे माडीवर आणि हे खाली तळमजल्यावर! त्यात वाऱ्याचा तो आवाज." मग ती नवऱ्याकडे वळली. "वाटेत मी तुम्हाला एक विचारलं. ऐकलंत?"

"कधी? काय विचारलंस?"

"झालं!" ती म्हणाली. "आम्ही विचार करून सांगतो." आणि तरातरा येऊन माझ्या सीटवर बसली.

दुकान मागे पडलं. मग तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"अहो, तुमच्या हातांना काय झालंय?"

माझा वेग एकदम उतरला. "कुठे काय?" तो म्हणाला.

"काल दांडा लावताना स्क्रू किती वेळा पडला हातातून? जेवताना बोटं चोळत बसता. मी काय आंधळी आहे?"

त्याने मुठीवरची बोटं एकदा उघडली, मिटली. मग हळूच म्हणाला, "मुंग्या येतात गं. संध्याकाळपर्यंत बोटं बधिर होतात, क्लच दाबवत नाही. बाबांचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी त्यांना पाण्याचा पेला धरवत नव्हता. म्हटलं, मऊ क्लचची गाडी असली की निदान काही दिवस कुणाला कळणार नाही."

"कुणाला म्हणजे मला!" ती म्हणाली आणि रडू लागली. त्याच्याच शर्टाला डोळे पुसले आणि लगेच हुकूम सोडला, "गाडी डॉक्टरीणबाईंकडे घ्या. आत्ताच्या आत्ता!"

दवाखान्याबाहेर मी उभी राहिले. त्याचे हात गेले तर पडद्यांचं काम गेलं, घराचं काय होणार, याच विचाराने मला घेरलं. माझं काय होणार, हे त्या वेळी डोक्यातही आलं नाही. थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई त्यांच्याबरोबर बाहेर आल्या.

"हातात ताकद चांगली आहे तुमच्या. मुंग्या दोन्ही हातांना सारख्या, आणि गाडी काढली नाही त्या दिवशी नाहीत म्हणता. जरा ती सुरू करा बघू." त्यांनी माझ्या मुठी धरल्या आणि झटक्यात सोडल्या. "अहो, ही गाडी आहे की पिठाची गिरणी? आधी हिला दाखवून या. मग पंधरा दिवसांनी तुम्ही या."

मेकॅनिकने मला उघडलं आणि कपाळावर हात मारला. इंजिन धरून ठेवणारी रबरं पार झिजली होती, बोल्ट खुळखुळत होते, मुठींची रबरं लाकडासारखी कडक झाली होती. "काका, एवढी थरथर हातात नाही जाणार तर कुठे जाणार?"

सगळं बदललं, आवळलं. पंधरा दिवसांत मुंग्या कमी होत होत थांबल्या. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासून सांगितलं, "आता इकडे तुमचं काही काम नाही." बाहेर येऊन तो पायरीवरच बसला आणि मोठमोठ्याने हसू लागला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा!" तीही हसली, मग पुन्हा रडली. माझाही जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, आपल्यात खोट निघाली की कुणालाही वाईट वाटतं. पण ती माझ्या रबरांत निघाली, त्याच्या हातांत नाही, याचा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! रबरं बदलून मिळतात. हात कुठे मिळतात?

नवीन घेऊच नका, असं मी म्हणत नाही. कधीतरी माझीही जायची वेळ येईल, तेव्हा मी मुकाट्याने जाईन. फक्त एवढं करा. गाडी कुरकुरली, तर तिला म्हातारी म्हणण्याआधी एकदा उघडून बघा. आणि घरातलं माणूस गप्प झालं, तर त्याला विचारा. ऐकू गेलं नाही, तर पुन्हा विचारा.