मास्तरांचा घास

चाळीस वर्षं कपडे शिवले म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. बायको आपोआप मास्तरीण झाली. दोन वर्षांपूर्वी मास्तरांची अन्ननलिका खालच्या टोकाशी आवळली आणि घास पोटात उतरेना. ऑपरेशन झालं, चार महिने बरे गेले, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. घास छातीत अडायचा आणि मास्तर तोंडाला रुमाल लावून मोरीकडे धावायचे. लाजून ते एकटेच जेवू लागले. चारचौघांचं सोडा, मास्तरणीसमोरही त्यांना जेववेना, आणि दुखण्यापेक्षा हेच त्यांना जास्त लागायचं.

नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या वेळी पोटावर चिरा नाही. तोंडातून दुर्बीण घालून आवळलेला स्नायू आतूनच कापू. पुढच्या बाजूला जुना व्रण आहे, म्हणून मागच्या बाजूने."

"बरोबर," मास्तर म्हणाले. "जुन्या शिवणीवर पुन्हा कात्री चालवली की कापडच जातं."

आधीचे दोन दिवस फक्त पाणी, सरबत आणि गाळलेलं सूप घ्यायचं होतं. पण मास्तरणीला राहवेना. आदल्या संध्याकाळी तिने उकडलेला बटाटा कुस्करून पुढे केला. "अहो, एवढ्याशाने काय होतंय?"

तिचं तोंड पाहून मास्तरांनी तो खाल्ला. सकाळी भूल देऊन दुर्बीण आत घातली, तर बटाटा तिथेच मुक्काम ठोकून! काम आठवडाभर पुढे गेलं. मास्तर शुद्धीवर येताच डॉक्टरीणबाई कडाडल्या.

"मीच हट्टाने मागून खाल्ला," मास्तरांनी ठोकून दिलं. मास्तरीण घर येईपर्यंत डोळे पुसत होती.

पुढच्या खेपेला तीही दोन दिवस सरबतावर राहिली. "चूल पेटलीच नाही, तर मी तुम्हाला भरवणार काय?" म्हणाली. या वेळी काम फत्ते झालं आणि काही दिवसांनी मऊ जेवणाची परवानगी मिळाली.

मास्तरांनी ताट उचलून तिच्यासमोर मांडलं. दोघांनी घास घेतला. मास्तरांनी डोळे मिटून गिळला. घास कुठेही न थांबता खाली उतरला. दुसरा घेतला, तोही गेला. आनंदाने त्यांना हसूच फुटलं.

डोळे उघडले, तर मास्तरीण त्यांच्या गळ्याकडे टक लावून बसलेली. गाल फुगलेला, पहिला घास तोंडात तसाच.

"अगं, गिळ की आता," मास्तर म्हणाले. "माझे दोन गेले."