दहाव्या तंबूच्या सासूबाई

मी जातं आहे, मित्रांनो. काळ्या दगडाचं, म्हातारं, आणि खरं सांगायचं तर आता चिमूटभरही पीठ न पाडणारं. माझ्या कडेवर छिन्नीनं 'दहावा तंबू' असं कोरलंय. ती अक्षरं आता बोटानं चाचपली तरच लागतात. अंगणात ऑलिव्हच्या झाडाखाली माझं बस्तान आहे. सकाळी माझ्यावर कोंबड्या बसतात आणि दुपारी माझा म्हातारा धनी ओपियस बसतो. दोघंही मला विचारत नाहीत. पण कधीकाळी रोमच्या फौजेचा एक अख्खा किल्ला मी नुसत्या आवाजावर तोलून धरला होता. ते कसं, हे सांगायला मला फार आवडतं, म्हणून जरा बसा.

माझा जन्म एका तळ्याकाठच्या खाणीत झाला. पाथरवटानं एकाच कातळातून माझे दोन्ही दगड काढले, वरचा आणि खालचा. घडवून झाल्यावर त्यानं एकावर एक ठेवले आणि म्हणाला, "भांडू नका गं. जन्मभर एकमेकींच्या अंगावर फिरायचंय." आम्ही भांडलो नाही. कुरकुर मात्र केली, कारण जात्यानं कुरकुर केली नाही तर पीठ कसं पडणार?

तिथून मी फौजेत भरती झाले. रोमच्या फौजेत आठ शिपायांचा एक तंबू, आणि तंबूमागे एक जातं आणि एक खेचर. आमच्या खेचरीचं नाव फुस्का. तिच्या एका अंगाला मी आणि दुसऱ्या अंगाला गुंडाळलेला तंबू, अशी आमची वरात निघायची. फौज जिंकते ती भाल्या-तलवारींमुळं, असं सेनेटमध्ये म्हणतात म्हणे. सेनेटमध्ये कुणी जातं वाहिलेलं नाही.

माझी देखभाल ओपियस करायचा. तंबूतला सर्वांत जुना शिपाई, पुढचे दोन दात पडलेला. महिन्या-दीड महिन्यानं तो मला टाकी लावायचा, म्हणजे छिन्नी ठोकून झिजलेल्या खाचा पुन्हा खोल करायचा, बोट फिरवून माझ्या खाचा तपासायचा आणि रिकामं कुणाला फिरवू द्यायचा नाही. स्पुरियस नावाचा एक मस्करीखोर शिपाई होता. त्यानं एकदा गंमत म्हणून मला रिकामंच गरागरा फिरवलं. दगडावर दगड घासून मी अशी किंचाळले की फुस्का दावं तोडून पळाली. ओपियसनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"दात झिजवतोस तिचे? उद्या पिठाऐवजी वाळू खाशील."

"तुझी सासू आहे का ती?"

"आहे. आणि तुझीही. आठ जणांना जेवायला घालते, वर तुमची बोलणी ऐकते."

तेव्हापासून मी सासूबाई झाले. दळणाची पाळी आली की शिपाई म्हणायचे, "चला, सासूबाईंचे पाय चेपायला." दळताना गाणी चालायची, आणि सगळी गाणी वरिष्ठांच्या टकलावर असायची.

मित्रांनो, मी राजकारण पिठातून शिकले. रोममध्ये दर वर्षी दोन नवे कॉन्सल, म्हणजे राज्याचे कारभारी, निवडून यायचे, आणि कोण कसा निघाला हे मला पहिल्या महिन्यात कळायचं. कर्तबगार असला तर गहू टपोरा. मेजवान्यांत रमणारा असला तर गव्हात अर्धे किडे. आणि एखादी तुकडी लढाईत पाठ दाखवून पळाली, तर शिक्षा म्हणून तिला गव्हाऐवजी जव. जव हे खेचरांचं खाणं. मी आयुष्यात एकदाच आमच्या लोकांसाठी जव दळले, चाळीस दिवस. त्या चाळीस दिवसांत कुणी गाणं म्हटलं नाही.

आता किल्ल्याची गोष्ट.

त्या वर्षी आम्ही हिस्पानियाच्या डोंगरात होतो. एका उभ्या टेकडीवरची छोटीशी गढी, ऐंशी शिपाई, दहा तंबू, दहा जाती. वर नायक व्होलेरो, हातात द्राक्षवेलीची छडी आणि तोंडात मोजकेच शब्द. हिवाळ्याच्या शेवटी धान्य आणायला नऊ खेचरं खिंडीपलीकडच्या मोठ्या छावणीत गेली. फुस्का लंगडत होती म्हणून मागं राहिली. मागोमाग बर्फ पडून खिंड बंद झाली, आणि हीच वेळ साधून डोंगरी लोकांनी आम्हाला वेढा घातला. वेढा आवळण्याआधी आमचा एक निरोप्या निसटला तेवढंच नशीब. छावणीतून मदत येणार हे नक्की होतं. पण केव्हा येणार हे बर्फाच्या हातात होतं, आणि कोठारात अर्ध्या पोटानं नऊ दिवस पुरेल एवढाच गहू होता.

डोंगरी लोकांकडं शिड्या नव्हत्या, यंत्रं नव्हती. ते समोरच्या उतारावर शेकोट्या पेटवून बसले आणि आमच्या भुकेची वाट पाहू लागले. त्यांच्यातला एक अंबातो नावाचा माणूस तरुणपणी रोमच्या फौजेत राबला होता. त्याला आमची भाषा यायची, आणि रिकामा वेळ भरपूर होता.

"काय रे रोमकरांनो," तो रोज सकाळी ओरडायचा, "आज काय दळताय?"

"तुझ्या लग्नाचं पीठ," तटावरून स्पुरियस ओरडायचा. "तेराव्यांदा करतोयस म्हणे."

नवव्या दिवशी आमच्या तंबूतला गहू संपला. उरला तो ओपियसच्या कमरेच्या पिशवीत, दोन मुठी, त्याचा स्वतःचा वाटा. त्या सकाळी स्पुरियस सवयीनं माझ्यापाशी बसला, खुंटा धरला आणि भुकेच्या तंद्रीत मला रिकामंच फिरवलं. मी किंचाळले. थंड हवेत तो आवाज सरळ पलीकडच्या उतारावर गेला.

तिकडून अंबातोचा आवाज आला, आणि त्यात आज मस्करी नव्हती.

"तुमचं जातं रडतंय. पीठ संपलं वाटतं."

मित्रांनो, तेव्हा आम्हाला कळलं की इतके दिवस ते आमची जाती मोजत होते. भरलेलं जातं घुमतं, रिकामं किंचाळतं. सगळी जाती किंचाळली, की त्याच दिवशी ते वर चढून येणार होते.

ओपियस धावत आला. त्यानं पिशवी सोडली आणि दोन्ही मुठी गहू माझ्या तोंडात ओतला. मी घुमू लागले. तो तटाकडं तोंड करून गरजला, "नवं पोतं फोडण्याआधी जातं झाडून घेतात रे. तुझ्या आईनं एवढंही शिकवलं नाही?"

पलीकडं हशा झाला. ओपियस मात्र हसत नव्हता. आवाज काढायला उरलेला शेवटचा गहूही आता दळून संपला होता.

व्होलेरोनं सगळ्यांना कोठारापाशी बोलावलं. "मदत येईपर्यंत दहाही जाती घुमली पाहिजेत," तो म्हणाला. "तोंडात काय घालायचं ते बोला."

कुणी भुसा म्हणालं, तर तो दगडात अडकतो. कुणी माती म्हणालं, तर ती करकरते. शेवटी ओपियस तबेल्याकडं बघत हळूच म्हणाला, "वाळलेली लीद. दहा खेचरांची, हिवाळाभराची. दळली तर आवाज अगदी भरड गव्हासारखा येईल."

"म्हणजे सासूबाईंच्या तोंडात…" स्पुरियसनं नाक दाबलं.

"हो. आणि लिदीत तबेल्याची रेती आहे. दात जातील तिचे." ओपियस माझ्यापाशी येऊन उकिडवा बसला. माझ्या कडेवर हात ठेवून म्हणाला, "म्हातारे, माफ कर."

मी गहू दळलाय, जव दळलेत, एकदा तर चिडलेल्या आचाऱ्यानं टाकलेली मिरीसुद्धा दळलीय. पण लीद. जाऊ द्या. एवढंच सांगते, की सकाळ-दुपार आम्ही दहाही जणी अशा घुमलो की गढीत लग्नघर असावं. आणि आता परत गाणी सुरू झाली. खोटं दळताना खरी गाणी म्हणावी लागतात, नाहीतर संशय येतो.

स्पुरियसनं आणखी एक सुचवलं, फुस्काचा रस्सा. व्होलेरो विचारात पडला. तेवढ्यात फुस्का रोजच्यासारखी ओरडली, आणि पलीकडून कुणी तरी तिची नक्कल केली. ओपियस म्हणाला, "नायक, उपाशी गढी पहिल्यांदा खेचर खाते, हे त्यांनाही ठाऊक आहे. ही ओरडतेय तोवर आपण पोटभर जेवतोय." फुस्का वाचली. गढीतलं गवत, झुडपं, भिंतीवरचं शेवाळ तिनं आधीच संपवलं होतं. आता शिपायांनी आपल्या गाद्यांमधला पेंढा तिला घातला आणि स्वतः फळ्यांवर झोपले. ते खात होते उकळलेले चामड्याचे पट्टे आणि चीजच्या साली, वर आंबट पाणी.

ओपियस रोज दळण झालं की माझ्या खाचांवर बोट फिरवायचा. रोज ते बोट जरा जास्त सहज सरकायचं. त्यानं टाकी काढली नाही. टाकीचे घाव पलीकडं ऐकू गेले असते, आणि पोटभर जेवणारी गढी रोज टाकी लावत नाही.

पंधराव्या दिवशी डोंगरी लोकांच्या निम्म्या शेकोट्या विझलेल्या दिसल्या. त्यांच्याही घरी पेरणी होती, पोरंबाळं होती, आणि आमच्याकडं तर वर्षभराचा गहू दिसत होता. सोळाव्या दिवशी अंबातोचा आवाज आला, "दळत बसा. मी चाललो लग्नाला." सतराव्या दिवशी खिंडीत आमच्या फौजेची निशाणं दिसली, आणि उरलेले लोक न लढताच पांगले.

मदत घेऊन आला होता अल्बिनियस नावाचा तरुण सरदार. थंडीनं नाक लाल, घोडा फेसाळलेला, बारा दिवस बर्फ तुडवलेला. त्या उन्हाळ्यात तो रोममध्ये निवडणुकीला उभा राहणार होता, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि त्याला काय हवंय तेही माहीत होतं. सोन्याचे मुकुट सेनापती वाटतात. पण वेढ्यातून सुटलेले शिपाई आपल्याला वाचवणाऱ्याला तिथल्याच गवताचा मुकुट देतात, आणि त्याच्यापुढं सोन्याला कुणी विचारत नाही.

"मी काही मागत नाहीये हां," अल्बिनियस इकडंतिकडं बघत म्हणाला. "पण गवत वगैरे… दिसत नाहीये कुठं."

"खेचरानं खाल्लं, साहेब," स्पुरियस म्हणाला.

खरंच गढीत काडी नव्हती. शोधता शोधता कुणी तरी ओरडलं, आणि सगळे माझ्याभोवती गोळा झाले. वेढ्याआधी फुस्का जव खायची. लिदीतले न पचलेले दाणे दळताना माझ्या कडेनं सांडले होते, आणि ओल्या मातीत त्यांना कोंब फुटले होते. वीतभर, लुसलुशीत, हिरवेगार. माझ्या पायाशी हिरवळ उगवली होती आणि मला पत्ताही नव्हता.

व्होलेरोनं कोंब स्वतः उपटले आणि जाड्या बोटांनी मुकुट विणला. मग शिपायांकडं वळला. "कुणाला?"

"ओपियसला," सगळे एका सुरात म्हणाले.

अल्बिनियसचा चेहरा पडला. व्होलेरो त्याला म्हणाला, "साहेब, तुम्ही बारा दिवस बर्फातून आलात, ते कुणी विसरणार नाही. पण तुम्ही पोचेपर्यंत आम्ही जिवंत होतो ते याच्यामुळं."

"मी काय केलं," ओपियस पुटपुटला. "लीद दळली."

त्याच्या डोक्यावर मुकुट चढला. तो दोन दात नसलेलं हसू हसला. सगळ्यांनी ढाली बडवल्या. त्या गडबडीत फुस्का मागून आली, मान लांब केली आणि एका घासात मुकुट ओपियसच्या डोक्यावरून उचलून खाऊन टाकला.

पहिल्यांदा कोण हसलं माहितीय? अल्बिनियस. इतका हसला की घोड्याच्या मानेला धरून उभा राहिला. ओपियसच्या कानामागं एक पातं अडकलं होतं, तेवढं त्यानं मागून घेतलं. पुढं उमेदवार घालतात तसे खडूनं पांढरे केलेले कपडे घालून तो रोमच्या चौकात मतं मागायला उभा राहिला, तेव्हा त्यानं ते वाळकं पातं लोकांना दाखवलं आणि मुकुट आपल्याला मिळाला नव्हता हेही सांगितलं. लोक पोट धरधरून हसले आणि त्याला निवडून दिलं. त्या वर्षी आम्हाला गहू टपोरा आला, असं स्पुरियस भेटायला आला की सांगतो.

आम्हाला म्हणजे तंबूला. मी नव्हते. माझे दात गेले होते. दगड इतका पातळ झाला होता की पुन्हा टाकी लावायला जागा नव्हती. नवं जातं आलं, आणि कोठारवाल्यानं मला खंदकात टाकायला सांगितलं. दोन दिवस मी खंदकाच्या काठावर पावसात पडून होते. ते दिवस मी फारसे आठवत नाही. तिसऱ्या दिवशी ओपियसची नोकरी संपली. सरकारनं त्याला जमिनीचा तुकडा दिला आणि कोठारवाल्यानं निकामी ठरवलेली फुस्का. निघताना त्यानं मला उचललं, पुन्हा तिच्या पाठीवर बांधलं आणि घरी आणलं.

त्याच्या बायकोनं, नोव्हियानं, माझ्या गुळगुळीत तोंडावर हात फिरवून विचारलं, "दळत नाही, मग आणलंस कशाला?"

"ही खोटं फार छान बोलते," ओपियस म्हणाला.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी झिजलेली वस्तू कोपऱ्यात पडली असेल, तर टाकण्याआधी तिच्यावर एकदा बोट फिरवा. कुठं झिजलीय ते बघा, आणि कुणापायी झिजली ते घरातल्या मोठ्यांना विचारा. पुसून ठेवलीत तर उत्तम. नुसतं सावलीत ठेवलंत तरी आम्हाला पुरतं.

माझं म्हणाल तर मी मजेत आहे. दर वर्षी थंडी सरली की ओपियस मूठभर जव घेऊन येतो, माझ्या तोंडात टाकतो आणि एक अर्धा फेरा देतो. दळलं काहीच जात नाही, सगळं कडेनं सांडतं. आठ-दहा दिवसांत माझ्याभोवती हिरवं कडं उगवतं. ओपियस ते उपटत नाही. टोपी काढून बाजूला उभा राहतो आणि फुस्काला हाक मारतो. ती अजून लंगडते, पण या हाकेला धावत येते.