पैलवान गाडी

“हात नको लावू वो, ओली हाय!”

नागोराव एवढ्या जोरात ओरडले की जयवंताबाई डोक्यावरची टोपली धरून तशाच उभ्या राहिल्या. आदिलाबादच्या भाजीबाजारातून त्या नुकत्याच परतल्या होत्या आणि टेकायला जागा शोधत होत्या. पण ओसरीभर जुनी वर्तमानपत्रं अंथरलेली. त्यांवर रंगाच्या चिमुकल्या बाटल्या, चिमटा, पाण्याची वाटी, आणि मधोमध काडीच्या टोकावर अडकवलेली वीतभर लांबीची मोटार. चाकं नाहीत, काचा नाहीत, नुसतं अंग.

“मी कायले हात लावू? बसाले तं जागा ठेवा मानसाले. अन् काल राखाडी होती नं हे?”

“काल प्रायमर होता. रंग आज देल्ला.” नागोरावांनी टोपलीत उरलेल्या वांग्यांतलं एक उचललं आणि मोटारीशेजारी धरलं. “पाह्य बरं. जमला का?”

जयवंताबाईंनी डोळे बारीक केले. सावलीत ती मोटार काळीच वाटत होती. नागोरावांनी काडी उन्हाकडे वळवली आणि काळ्याच्या आतून जांभळी झाक वर आली.

“जमला,” त्या म्हणाल्या. “देठ लावून द्या, बाजारात इकून येतो.”

नागोराव हसले. हसता हसता खोकला आला आणि मग बराच वेळ तो थांबला नाही. जयवंताबाईंनी टोपली खाली ठेवून पाणी आणलं. हेही आता रोजचंच झालं होतं.

नागपूर रोडवर चंदनशेठचं गॅरेज जेव्हा चार बल्ल्या आणि वर पत्रा एवढंच होतं, तेव्हापासून नागोराव तिथे रंगाचं काम करत आले. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासायची, पुन्हा भरायची, आणि मग फवाऱ्याची गन हातात घेऊन रंग मारायचा. जीप, टेम्पो, लग्नाच्या गाड्या, पुढाऱ्यांच्या गाड्या. सगळ्यांना पांढराच रंग हवा असायचा. पांढरा नको असला तर चंदेरी. आपल्या मनाचा रंग एखाद्या गाडीला द्यावा, असं नागोरावांना फार वाटायचं. पण गाडी दुसऱ्याची, मन दुसऱ्याचं. बंद शेडमध्ये रंगाचा धूर धुक्यासारखा भरून राही. मास्क मागितला की चंदनशेठ म्हणायचे, “रुमाल बांध नं. तू तं घरचा मानूस. घरच्या मानसानं असे नखरे करू नाई.”

रुमालातून जे आत जायचं ते गेलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून पाहिला आणि गन पुन्हा हातात धरायची नाही म्हणून बजावलं. चंदनशेठनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, “आराम कर. हलकं काम निंगलं का बलावतो.” त्यांनी कामावरून काढलं असं कोणी म्हणू शकलं नसतं. त्यांनी फक्त पुन्हा कधी बोलावलं नाही.

घरी बसलेला बाप भिंतीकडे बघत राहतो, हे लेकीला, साक्षीला बघवेना. ती हैदराबादेत एका लॅबमध्ये कामाला होती. दिवाळीला येताना तिने एक खोका आणला. आत प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले इवले इवले सुटे भाग, आणि ते कसे जोडायचे याची चित्रं. खोक्यावर एक जुनी अमेरिकन मोटार. लांबलचक बोनेट, आखूड पाठ, पुढून एखाद्याच्या अंगावर धावून जाईल अशी.

“बाबा, याले मसल कार म्हंतेत. लय ताकदीचं इंजन राह्यते.”

“म्हंजे पैलवान गाडी,” नागोराव म्हणाले. “एवढ्या बोनेटात तं आपला चुल्हा मांडता येते.”

साक्षीने रंग पाण्यात कालवायचे आणले होते, वास न येणारे. गन नाही, ब्रश. नागोराव आधी नाराज झाले. ब्रशने मोटार रंगवायची म्हणजे घराची चौकट रंगवल्यासारखं. पण हात स्वस्थ बसेनात. चौकटीतून एकेक भाग कापून काढायचा, त्याची कड घासायची. आधी इंजिन जोडलं. मग सीटा, स्टिअरिंग, नखाएवढे आरसे. अंगावर रंगाचा पातळ हात द्यायचा, वाळला की ओल्या पॉलिशपेपरने हळूच घासायचा, पुन्हा पातळ हात. ब्रशची एकही रेघ दिसता कामा नये. चित्रात बोनेटवर दोन पांढरे पट्टे होते. नागोरावांनी ते दिले नाहीत. पांढरा रंग त्यांनी बाटलीतून बाहेरच काढला नाही.

संक्रांत झाली आणि मोटार पुरी झाली. अंगणात उन्हात ठेवली तर शेजारच्या तुळजाबाई काम टाकून बघत उभ्या राहिल्या. “खरंच चालंन का हो हे?” म्हणाल्या. नागोरावांना त्या दिवशी दम कमी लागला.

दुसऱ्या दिवशी ते ती मोटार चपलांच्या खोक्यात कापूस घालून गॅरेजवर घेऊन गेले. जुन्या सोबत्यांना दाखवावी, एवढंच मनात होतं. मिस्त्री लोक भोवती जमले. चंदनशेठचा मुलगा वैभव केबिनमधून बाहेर आला. त्याने मोटार चारी बाजूंनी निरखली, मोबाइलवर फोटो काढले.

“काका, तुमीच केली? एक नंबर! आयका नं, आपल्या नव्या वर्कशॉपचं उद्घाटन हाय. हे आमाले द्या चार दिवस. काउंटरपाशी काचेच्या पेटीत ठेवतो. लोकाईले दिसू द्या तुमचं काम.”

“माहं काम?” नागोरावांना स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला.

“मंग! तुमी बी या. काकूले घेऊन या.”

उद्घाटनाच्या सकाळी नागोरावांनी लग्नकार्याचा सदरा काढला. जयवंताबाई बाजारात गेल्या नाहीत. साक्षीने आणलेली साडी त्यांनी नेसली. नव्या वर्कशॉपच्या दाराशी फुलांची कमान होती. आत गार हवा, गुळगुळीत फरशी. काउंटरजवळ काचेची पेटी, आत दिवा, आणि दिव्याखाली ती मोटार. उन्हात दिसायची त्याहून सुरेख दिसत होती. बायका-माणसं वाकून बघत होती. जयवंताबाईंनी नवऱ्याच्या दंडाला हळूच कोपर लावलं.

पेटीला एक पाटी होती, तेलुगूत. दुकानांच्या पाट्या वाचून वाचून नागोराव तेलुगू अक्षरं शिकले होते. ते सावकाश वाचू लागले आणि मधेच थांबले. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. पाटीवर वैभवचा हसरा फोटो होता. खाली लिहिलं होतं: जोडणी आणि रंगकाम, वैभव.

“काय लिवलं हाय?” जयवंताबाईंनी विचारलं.

तेवढ्यात हैदराबादहून आलेल्या मोटार कंपनीच्या साहेबांना घेऊन वैभव तिथेच आला. “शौक है सर,” तो सांगत होता. “महीनों लगे. ये कलर भी मैंने खुद मिक्स किया.” साहेब त्याची पाठ थोपटत होते. वैभवची नजर नागोरावांवर पडली. ती एक क्षण अडखळली आणि सरळ पलीकडे निघून गेली, जणू तिथे खांब उभा होता.

नागोरावांना खोकल्याची उबळ आली. कोणीतरी त्यांना धरून बाहेर नेलं, चपला काढून ठेवल्या होत्या तिथल्या खुर्चीवर बसवलं, हातात ताकाचा ग्लास दिला. श्वास ठिकाणावर आल्यावर त्यांनी पाटीवर काय लिहिलं होतं ते बायकोला सांगितलं.

“जाऊ दे,” ते शेवटी म्हणाले. “मोठ्या लोकाईचं काम. चाल घरी.”

“काऊन जाऊ देऊ?” जयवंताबाई उठल्या. “तुमचा दम नेला त्याईनं, मी काई बोल्ली नाई. आता नाव बी न्यावं? मी आत्ता जातो अन् सगळ्याईसमोर इचारतो.”

नागोरावांनी त्यांचा हात धरला. “थांब. तू गेली तं म्हनतीन, बायकोले पाठोलं. मी जातो.”

ते आत गेले. सावकाश, पण कुठेही न थांबता, पेटीपर्यंत. चंदनशेठ तिथेच होते.

“सेठ, हे गाडी मी केली.”

चंदनशेठनी इकडे तिकडे पाहिलं आणि त्यांना खांद्याला धरून बाजूला घ्यायचा प्रयत्न केला. आवाज अगदी गोड होता. “मालूम हाय बाप्पा मले. कोन नाई म्हनते? पोट्ट्याचं नाव होऊन राह्यलं कंपनीवाल्याईपुढं, तुहं काय बिघडते त्याच्यात? तुह्या नावानं ठेवली अस्ती तं कोन पाह्यलं अस्तं? तू तं घरचा मानूस.”

“घरचा?” नागोरावांनी तो हात खांद्यावरून काढला. “दम लागून पडलो तवा ह्या घरातून कोनी पाह्याले आलं का, सेठ? माही तब्बेत कशी हाय, एक फोन केला का कोनी? घरचा म्हनून म्या रुमाल बांधला. घरचा म्हनून गप राह्यलो. आता घरचा म्हनून माहं नाव बी पुसता?”

ताटं वाढणारेही थबकले. साहेबांनी विचारलं, “क्या हुआ?”

“कुछ नहीं सर,” चंदनशेठ हसले. “पुराना आदमी है. तबीयत ठीक नहीं रहती, दिमाग पे भी थोड़ा असर...”

नागोराव साहेबांकडे वळले. त्यांचं हिंदी गॅरेजमध्ये येणाऱ्या ट्रकवाल्यांकडून शिकलेलं होतं. “दिमाग ठीक है साब. छाती खराब है. ये गाडी मैंने बनाई. इनके लडके ने एक चक्का भी नहीं लगाया.”

साहेबांनी नागोरावांकडे पाहिलं, मग वैभवकडे पाहिलं, मग मोबाइलमध्ये पाहिलं. “आप लोग आपस में देख लीजिए,” म्हणाले आणि जेवणाच्या टेबलाकडे चालते झाले. जुने मिस्त्री भिंतीपाशी खाली मान घालून उभे होते. त्यांनाही उद्या याच दारातून आत यायचं होतं.

नागोरावांनी पेटीचं काचेचं झाकण उचललं.

“ओ काका!” वैभव धावला. “फोटोवाले येऊन राह्यले आत्ता. कार्यक्रम होऊ द्या, मंग न्या नं.” त्याने मोटार पुढच्या बाजूने धरली. नागोरावांनी मागून धरली होती. क्षणभर दोघांचे हात तसेच राहिले. मग बारीकसा आवाज झाला, काडी मोडावी तसा. पुढच्या चाकांचा दांडा तुटला आणि एक चाक फरशीवर घरंगळत गेलं.

वैभवने हात सोडला. “मी नाई तोडलं,” तो पुटपुटला.

नागोराव खाली वाकले. वाकताना पुन्हा दम लागला, पण ते चाक उचलूनच उठले. जयवंताबाई कधी आत आल्या ते त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी पदर पसरला. नागोरावांनी मोटार त्यात ठेवली. मग पेटीची पाटी काढली, चंदनशेठच्या हातात दिली आणि म्हणाले, “हे तुमची हाय. हे ठेवा.”

त्यांच्या गावाकडे, तामसीकडे जाणारी शेअर ऑटो रस्त्यावर उभी होती. दोघं बसतात न बसतात तोच साक्षीचा फोन आला. तिच्या आवाजात रडू आणि संताप दोन्ही होतं.

“बाबा, ग्रुपवर फोटो आला! वैभवच्या हातात आपली कार. समदे त्याले शाब्बास म्हनून राह्यले. मी लिवतो, तं मलेच म्हंतेत का जळता काऊन...”

“लिवू नको,” नागोराव म्हणाले. “आनली परत. तुह्या मायच्या मांडीवर हाय.”

“पन फोटो तं राह्यलाच नं, बाबा!”

“हो,” ते म्हणाले. “फोटो राह्यला.”

तो फोटो आता गावोगावच्या मोबाइलमध्ये जाणार होता आणि तिथून त्याला कोणी पदरात घालून आणू शकणार नव्हतं. नागोरावांच्या मुठीत चाक होतं. समोर बसलेल्या बाईंनी आपली पिशवी पायाशी ओढून जयवंताबाईंना जागा करून दिली. ऑटोवाल्याने मागे वळून पदरातली मोटार पाहिली.

“नाजूक हाय का हो, मावशी?”

“हो रे बाप्पा. मोडली हाय. अजून मोडू नोको.”

त्याने मान हलवली. पुढे रस्ता खणलेला होता. रोज या रस्त्यावरून माणसं भरून उधळत नेणाऱ्या त्या ऑटोवाल्याने प्रत्येक खड्ड्याआधी वेग अगदी कमी केला आणि चाक हळूच खाली उतरवून हळूच वर काढलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. आतल्या कोणीही घाई कर म्हटलं नाही.

इतका वेळ नागोरावांच्या डोळ्यांत एकदाही पाणी आलं नव्हतं. आता त्यांनी तोंड बाहेर वळवलं आणि गाव येईपर्यंत ते कापसाच्या रिकाम्या झालेल्या शेतांकडे बघत राहिले.