पन्नासावं मैदान

चष्मेवाल्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि बारा वर्षं परदेशातली एकोणपन्नास मैदानं पाहूनही त्यात फारसा फरक पडला नव्हता. ते येत होते साडूंसाठी. साडू शाळेत व्यायामाचे शिक्षक होते. निवृत्त झाले तरी साऱ्या नात्यागोत्यात शिट्टीमास्तरच राहिले. मोठे सामने घरबसल्या टीव्हीवर दिसतात, त्यासाठी विमानात कशाला बसायचं, असं मास्तरांचं म्हणणं. त्यांना हवे असत गल्लीबोळातल्या संघांचे सामने, जिथे गोलकीपर सकाळी दूध टाकून येतो आणि बॉल कुंपणाबाहेर गेला की तो सापडेपर्यंत सगळे कमरेवर हात ठेवून उभे राहतात.

पण नियम कडक. नुसतं मैदानावर जाऊन बसलं म्हणून ते मोजायचं नाही. निदान एक गोल दोघांनी आपल्या डोळ्यांनी पाहायला हवा. सामना शून्य-शून्य सुटला की ते मैदान बाद. पन्नास झाली की थांबायचं, असं ठरलं होतं.

या नियमाला दोन वर्षांपूर्वी ठिगळ लावावं लागलं. मास्तरांना काचबिंदू झाला होता. नजर कडेकडेनं विझत गेली आणि आता नळीतून बघावं तेवढं समोरचं उरलं होतं. "तुम्ही पाहिलात की मी पाहिला," मास्तर म्हणाले. "फक्त खोटं सांगायचं नाही."

चष्मेवाल्यांना ते शब्द लागले, कारण त्यांचं मन त्यांना खात होतं. जिन्याची पायरी चुकते, अशी तक्रार घेऊन मास्तर दोनदा त्यांच्या चष्म्याच्या दुकानात आले होते. दोन्ही वेळा चष्मेवाल्यांनी काचा बदलून दिल्या. परकं गिऱ्हाईक असतं तर त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पिटाळलं असतं, घरच्या माणसाला मात्र म्हणाले, "वय झालं, साडूभाऊ." त्यात दीड वर्ष गेलं. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. पन्नास मैदानं पुरी करून दिली की आपण सुटलो, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

त्या दिवशी पन्नासाव्या मैदानासाठी सकाळपासून तीन बस बदलून झाल्या होत्या. चष्मेवाल्यांच्या खांद्यावर मास्तरांचा हात, पाठीवर दोघांचं सामान, आणि गुडघे तर कधीच संपावर गेलेले. लाकडी बाकड्यावर टेकल्यावर त्यांना हायसं वाटलं. ऊन कोवळं होतं. दोन्ही संघ बॉल नुसता इकडून तिकडे करत होते. उत्तरार्धात केव्हातरी चष्मेवाल्यांची मान छातीवर पडली.

ओरड्यानं ते जागे झाले. बॉल जाळीत होता आणि पोरं एकमेकांच्या अंगावर पडली होती.

"सांगा," मास्तर म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. गोल ऐकताना ते तसंच करत.

एक वाक्य पुरलं असतं. मग विमान, घर, आपली गादी, आणि पुन्हा कुठे जाणं नाही.

"डाव्या बाजूनं आला," चष्मेवाले म्हणाले, "आणि..." पुढे त्यांची जीभ रेटेना. "मास्तर, मला डुलकी लागली होती. मी नाही पाहिला."

मास्तरांनी डोळे उघडले. "बरं. अजून वीस मिनिटं आहेत."

ते न चिडल्यामुळेच चष्मेवाल्यांना राहवलं नाही. "आणि त्या काचा. मी तेव्हाच तुम्हाला डॉक्टरकडे पाठवायला हवं होतं. दोन्ही वेळा."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"डॉक्टरनं पहिल्याच दिवशी विचारलं, हे चष्मे कोणी दिले म्हणून. फुटपाथवरून घेतले म्हणालो. चांगली अर्धा तास बोलणी खाल्ली."

"अहो, पण का?"

"घरी कळलं असतं तर दोघी बहिणींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नसतं." मास्तर म्हणाले. "राग आला होता मला. सहा महिने तुमचा आवाज नकोसा व्हायचा. पण मग फिरणार कोणाबरोबर?"

चष्मेवाल्यांना रडू आलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तो नंतर पुसा," मास्तर म्हणाले. "बॉल कुठे आहे?"

"मधल्या रेषेवर. टकल्याकडे."

उरलेली वीस मिनिटं चष्मेवाले डोळ्यांत तेल घालून बघत राहिले आणि बॉलच्या प्रत्येक उडीची बातमी देत राहिले. बारा वर्षांत त्यांनी एवढा फुटबॉल पाहिला नव्हता. दुसरा गोल काही झाला नाही. शेवटची शिट्टी वाजली आणि माणसं पांगली.

"बाद," मास्तर म्हणाले. "म्हणजे पुन्हा यावं लागणार."

चष्मेवाल्यांच्या पायांत गोळे आले होते आणि अजून तीन बस बाकी होत्या.

"येऊ की," ते म्हणाले, आणि मास्तरांचा हात उचलून त्यांनी आपल्या खांद्यावर ठेवला.