थंड कपाटाची राखणदार

मित्रांनो, मला ना हात ना पाय, तरी दवाखान्यातल्या औषधांच्या थंड कपाटावर पहारा मीच देते. मी एक जुनी शेल स्क्रिप्ट आहे. संगणकाने काय करायचं ते सांगणाऱ्या काही ओळी, एवढंच माझं अंग. मला संगणकवाल्या ताईने घडवलं आणि माझ्या पोटात दोन 'जर' घातले. पहिला: जर कपाटातल्या तापमापकाकडून आकडाच आला नाही, तर घंटा वाजव. दुसरा: जर आकडा आठ अंशांच्या वर गेला, तर घंटा वाजव, नाहीतर पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'सर्व ठीक' लिही.

सुरुवातीला माझं कोण कौतुक झालं! एकदा कपाटाचं दार किलकिलं राहिलं, मी बोंब ठोकली आणि सगळी औषधं वाचली. औषधं सांभाळणारे काका तर, ही आहे म्हणून मला निवांत झोप लागते, असं सांगत सुटले होते. त्यांच्या लेकीचं, छकुलीचं इन्सुलिनही ह्याच कपाटातून घरी जायचं.

पुढे तापमापकाची वायर सैल झाली. दार जरा आपटलं की आकडा गायब आणि माझी घंटा सुरू. वायर बदलायला कुणाला सवड नव्हती. मला गप्प करणं सोपं होतं.

"ताई, हिने डोकं उठवलंय. कपाट गरम झालं तर दुसरी घंटा आहेच की," काका म्हणाले.

"काका, ती आकड्यावर चालते. आकडाच नसला तर?"

"अगं, कपाट काय पळून जातंय? वायरचं बघू पुढच्या आठवड्यात."

ताईने नाइलाजाने माझ्या पहिल्या 'जर'च्या प्रत्येक ओळीपुढे # हे चिन्ह ठोकलं. ते लागलं की ओळ जागेवर राहते, पण मुकी होते. आणि तो पुढचा आठवडा काही उगवला नाही.

एके दिवशी वायर पुरती निसटली. त्याच सुमारास कपाट थंड ठेवणारं यंत्रही बंद पडलं. माझ्या हाती आकड्याऐवजी नुसती रिकामी जागा आली. रिकाम्या जागेची आठशी तुलना कशी करणार? अट अडखळली. पण मित्रांनो, आम्हाला वाटा दोनच. अट खरी ठरली तर 'तर', बाकी काहीही झालं तरी 'नाहीतर'. आत औषधं उकडत होती आणि मी 'सर्व ठीक' लिहीत होते.

छकुली रोज सुई टोचून घेत होती, तरी साखर उतरेना. दवाखान्यात आणलं तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, औषध ठेवलं कुठे होतं? काकांनी माझ्या हिरव्या अक्षरांकडे बोट दाखवलं. बाईंनी कपाट उघडलं, तर कोंडलेली ऊब तोंडावर आली. दुसरीकडून चांगलं औषध येईपर्यंत फार उशीर झाला होता.

नवी वायर मग लगेच आली. ताईने सगळे # काढले.

मित्रांनो, कुणी सारखं ओरडत असेल, तर त्याचं तोंड बांधण्याआधी त्याला काय दुखतंय ते बघा. आणि उत्तर आलं नाही म्हणजे सगळं बरं चाललंय, असं कधी धरून चालू नका.

आता घंटा वाजली की काका हातातलं टाकून धावत येतात. कपाटात हात घालून बघतात. थंडच असतं. तरी ते तिथेच उभे राहतात, घरी जायची घाई नसलेल्या माणसासारखे.